वासुदेव बळवंतांवर चित्रपट काढायचा तर तो कुठून सुरू करावा?

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही खारघरला राहता, तिघे मित्र मिळून आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांच्यावरच्या चित्रपटाची संहिता लिहिताय, आणि पहिल्याच प्रसंगावर गाडी अडलीय. एकाला शिरढोणचा जन्म हवाय, दुसऱ्याला लहुजी वस्तादांची तालीम, तिसऱ्याला थेट अटकेची रात्र. शेवट कुठे करावा हेही तुम्ही विचारलंय.

आधीच सांगतो, मी सिनेमातला माणूस नाही. ३१ वर्षं एका सरकारी कचेरीच्या लेखा शाखेत काढली, आता नवीन पनवेलला घरी असतो. त्यामुळे माझं उत्तर कारकुनाचं आहे. पण तुमचा नायकही कारकूनच होता, आणि नेमकं तेच सगळे विसरतात.

माझ्या मते चित्रपट रजेच्या अर्जापासून सुरू करा.

वासुदेव बळवंतांनी लष्कराच्या लेखा खात्यात पुण्याला जवळपास १५ वर्षं नोकरी केली. त्याआधी रेल्वेत आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात थोडे दिवस. म्हणजे ज्या माणसाचं चित्र आपण घोंगडी, दाढी आणि तलवार एवढ्यावर भागवतो, तो आयुष्याचा मोठा भाग टाक आणि दौत घेऊन बसलेला होता. इकडे शिरढोणला आई आजारी पडली. त्यांनी रजा मागितली. ती वेळेत मंजूर झाली नाही. घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी श्राद्धालाही रजा मिळाली नाही, असं त्यांच्या चरित्रात येतं.

आता यावर चित्रपटात काय करतात? गोरा साहेब टेबलावर मूठ आपटतो, ‘नो लीव्ह’ म्हणून ओरडतो, नायक अर्ज फाडून तोंडावर फेकतो, मागे ढोल. अहो, रजा अशी नाकारली जात नाही! रजा नाकारणारा माणूस कधीच ओरडत नाही. तो अर्ज वाचतो, त्याची घडी घालतो, पेपरवेटखाली ठेवतो आणि म्हणतो, बघू या. मग ‘बघू या’चे चार दिवस होतात.

माझंच सांगतो. १९९४ चा मार्च, वर्षअखेरीचा गोंधळ, आणि गावाहून तार आली की वडिलांना दवाखान्यात ठेवलंय. अर्ज दिला. आमच्या साहेबांनी तो वाचला, ‘वडील ना? हं’ म्हणाले आणि तो टेबलावर उपडा ठेवला. बस्स. तो कोरा पाठीमागचा कागद मी तीन दिवस बघत होतो. चहा देणाऱ्या पोऱ्याने एकदा त्यावर कपही ठेवला, त्याचा गोल डाग पडला. चौथ्या दिवशी सही झाली. मी गावी पोचलो तर वडील ओटीवर बसून पेज खात होते. म्हणाले, तू कशाला आलास, मार्च आहे ना? त्यामुळे मी परत येऊन रजिस्टर भरायला बसलो आणि यथावकाश पेन्शनीत निघालो. त्या दिवशी ओटी रिकामी असती तर मी काय केलं असतं? बंड वगैरे केलं नसतं, एवढं माझं मला ठाऊक आहे. पण कपाच्या डागाचा तो कागद अजून डोळ्यासमोरून जात नाही. तुमच्या पहिल्या प्रसंगात असा कागद दिसला पाहिजे. संवादाची गरजच नाही.

लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम त्यानंतर येऊ दे. पुण्याच्या गंज पेठेतली ती तालीम म्हणजे मोठी गोष्ट होती. मातंग समाजातला वस्ताद आणि त्याच्या हाताखाली दांडपट्टा शिकणारा ब्राह्मण कारकून, हे त्या काळच्या पुण्यात. पण कृपा करून हा प्रसंग गाण्यात संपवू नका. दिवसभर लेजर लिहून आखडलेली बोटं संध्याकाळी मूठ कशी धरतात, ते दाखवा.

मग दुष्काळ. इथे मात्र मी तुम्हाला सोडणार नाही, कारण इथे हिशोब आहे.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ. सरकारने रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी कामं तपासायला पाठवलं. या टेंपलसाहेबांनी आधी १८७४ मध्ये बिहारकडच्या दुष्काळात हात सैल सोडून धान्य आणलं होतं, माणसं वाचवली होती, आणि त्याबद्दल वरून बोलणी खाल्ली होती: फार खर्च केलात. (ऑडिटचा आक्षेप! ज्याने खाल्लाय त्यालाच कळेल.) मग या वेळी त्यांनी दाखवून दिलं की आपण किती काटकसरी आहोत. दिवसभर खडी फोडणाऱ्या गड्याला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. बायकोला मापून द्यायला सांगा, ताटलीत किती दिसतं ते बघा. हेच टेंपल १८७७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले.

आता जोडा. एका कचेरीत लष्कराच्या खर्चाचे आकडे लिहिणारा माणूस आहे. फौजेला काय लागतं, त्याचे पैसे किती होतात, हे त्याच्या डोळ्यांखालून जातंय. आणि तोच माणूस सुट्टी घेऊन दख्खनच्या गावांतून फिरतो तेव्हा त्याला खडी फोडणारी हाडं दिसतात. संतापाचं भाषण लिहू नका. दोन आकडे एकाच पानावर लिहिलेले दाखवा, प्रेक्षक बेरीज करील.

दुष्काळाची दृश्यं करताना खर्च वाचवायला म्हणून वीस माणसांना अंगाला माती फासून उभं करू नका, तेवढी एक विनंती.

पुढचा भाग तुम्हाला सगळ्यांत जड जाणार आहे. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूरकडच्या धामारीवर पहिली धाड पडली. रामोशी, कोळी, धनगर अशा माणसांची टोळी, आणि हेतू असा की पैसा उभा करून फौज उभारायची. ते जमलं नाही. वासुदेव बळवंतांनी स्वतःच आत्मचरित्रात कबुली दिल्यासारखं लिहिलंय की माणसांना लुटीचा वाटा घेऊन घरी जायची घाई असे. मी वाचला तो मजकूर सरकारी दफ्तरातून छापलेला, इंग्रजी भाषांतरातला. वाचताना विचित्र वाटतं. शिरढोणचा माणूस आपल्याशी साहेबाच्या भाषेत बोलतोय! तुम्हाला ते परत मराठीत आणायचंय, आणि तेही १८७९ च्या मराठीत. तेव्हा ‘मातृभूमीच्या बेड्या’ वगैरे शब्दांना हात लावायच्या आधी तो मजकूर दोनदा वाचा. त्यात हताश झालेला माणूस आहे.

रामोशांच्या बाबतीत एक सांगायचंय. आपल्याकडे नायकाचे साथीदार म्हणजे मशाली धरून मागे उभे राहणारे. अहो, उमाजी नाईकांना इंग्रजांनी पुण्यात फाशी दिली ती १८३२ साली. म्हणजे वासुदेव बळवंत जन्मायच्या १३ वर्षं आधी. या लोकांना बंड काय असतं हे कुणी पुण्याहून येऊन शिकवायची गरज नव्हती. घाई त्यांना होती कारण घरी चूल विझलेली होती. कारकुनाच्या घरात निदान डाळ-तांदूळ तरी असतो. हा ताण चित्रपटात आला तर तुमची संहिता उभी राहील. आणि त्यासाठी दुसरा नायक लागेल, तो म्हणजे टोळीतल्या रामोशांचे म्होरके दौलतराव नाईक.

आता आपल्या भागाची गोष्ट. मे १८७९, तारीख १० आणि ११. दौलतराव नाईक घाट उतरून कोकणात आले आणि पळस्पे आणि चिखलीवर धाड घातली. होय, तेच पळस्पे. जिथून गोव्याचा आणि पुण्याचा रस्ता फुटतो, जिथे तुम्ही रविवारी रात्री लोणावळ्याहून येताना तासभर अडकता, तेच. लूट दीड लाखाच्या घरातली सांगतात. परत घाट चढताना मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठलं आणि दौलतराव गोळी लागून पडले.

मी गेल्या पावसाळ्याआधी मुद्दाम फाट्यावर जाऊन उभा राहिलो. सकाळी अकराची वेळ, कंटेनरची रांग थेट जेएनपीटीच्या रस्त्यापर्यंत, पुलाखाली कलिंगडवाला. त्याला विचारलं, इथे जुनं गाव कुठलं? त्याने सुरीनेच दाखवलं. पुढे गेल्यावर कुठलीही पाटी दिसली नाही, आणि खरं सांगायचं तर कशाची पाटी लावणार? ‘येथे क्रांतिकारकांनी घर लुटले’? ज्याचं घर लुटलं तोही मराठीच बोलत होता. त्या रात्री त्याच्या घरात पोरं रडली असतील, बायकांनी दागिने काढून दिले असतील. हा प्रसंग तुम्ही घरातल्या माणसांच्या बाजूने चित्रित करा. दारावर थाप पडते तेव्हा कॅमेरा आत असू दे. नाहीतर गाळून टाका. पण सावकार तेवढा लठ्ठ आणि दुष्ट करून मोकळे होऊ नका.

आणि गंमत बघा, या धाडीत वासुदेव बळवंत नव्हतेच! स्वतःच्या गावापासून हाकेच्या अंतरावर टोळी आली, आणि ते तेव्हा दूर श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाकडे गेलेले, सगळं संपलं असं मानून. दोन-तीन दिवसांनी, १३ मे च्या रात्री, पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याला आग लागली. इंग्रजांच्या तोंडी एकच नाव, फडके. प्रत्यक्षात आगीबद्दल शिक्षा झाली ती केशव नारायण रानडे नावाच्या भलत्याच इसमाला. त्याच सुमारास न्यायमूर्ती रानड्यांची (हे वेगळे, महादेव गोविंद) धुळ्याला बदली झाली, आणि तिथे त्यांचं टपाल उघडून पाहिलं जात होतं. रमाबाईंनी आठवणींत लिहिलंय ते. म्हणजे नायक श्रीशैलावर एकटा बसून आत्मचरित्र लिहितोय, आणि इकडे त्याच्या नावाने धाडी, आगी, बदल्या, चोरून फोडलेली पाकिटं. माझ्या मते चित्रपटाचा मध्यंतर इथे. पडद्यावर नायक नाही आणि प्रत्येक जण त्याच्याबद्दलच बोलतोय. तुमच्या तिसऱ्या मित्राला सांगा, अटकेच्या रात्रीपेक्षा हे दहापट भारी आहे.

अटक मी पटकन उरकली असती. २० जुलै १८७९, विजापूरकडचं देवरनावडगी, देऊळ, अंगात ताप, झोपेत गाठलं. डॅनियल आणि निजामाचा अधिकारी अब्दुल हक. डॅनियलला कुस्तीचं आव्हान दिलं वगैरे गोष्टी लोक सांगतात. त्या घेतल्या तर प्रेक्षक शिट्ट्या मारतील, पण तापाने फणफणलेला माणूस नुसता उठून बसायचा प्रयत्न करतो, त्याने पोटात जास्त कालवतं.

खटला मात्र सावकाश घ्या. संगम पुलाजवळ जिथे त्यांना ठेवलं ती इमारत पुढे सीआयडीच्या ताब्यात गेली. वकीलपत्र घेतलं सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी. हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून १८७७ च्या दिल्ली दरबारात जाणारा हा माणूस. आणि सरकारपक्षाचा पुरावा कुठला? आरोपीचीच रोजनिशी. काय, कधी, कुठे, सगळं त्याच्याच अक्षरात. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. १५ वर्षं ज्याने नोंदी केल्या त्याचा हात बंडातही थांबला नाही हो! आम्हा लोकांना सवयच असते. व्यवहार झाला की नोंद. मी अजून भाजीचा हिशोब डायरीत लिहितो, बायको हसते. ती रोजनिशी कोर्टात वाचली जाते तेव्हा पहिल्या प्रसंगातलं लेजर आणि ही वही यांचं अक्षर एकच दिसलं पाहिजे. त्यासाठी चांगल्या अक्षराचा माणूस शोधा, संगणकावरचा फॉन्ट नको.

शिक्षा जन्मठेपेची, काळ्या पाण्याची, आणि जागा अंदमान नव्हे तर एडन. जानेवारी १८८० मध्ये ठाण्याच्या तुरुंगातून निघून तेहरान नावाच्या बोटीने. ठाण्याच्या तुरुंगात चित्रीकरणाची परवानगी मिळणं कठीण, पण बाहेरून तट बघून या. मुळात तो किल्लाच, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांकडे आलेला. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच पळाले होते. आणि वासुदेव बळवंत इथून एडनला गेल्यावर ३० वर्षांनी, १९ एप्रिल १९१० ला, याच तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. तीन पिढ्या आणि भिंत तीच. लोकलने ठाण्याला उतरून आमच्यातले हजारो जण रोज तिच्याजवळून जातात. मीही कित्येक वर्षं गेलोय, एका हातात डबा आणि डोक्यात पाच सत्तावन्नची गाडी.

गोपिकाबाईंबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, म्हणून सांगतो. दुसरी पत्नी. लग्नानंतर नवऱ्याने तिला लिहायला-वाचायला शिकवलं. चरित्रपटात बायको म्हणजे उंबऱ्यात निरांजन. तसं करू नका. ज्या बाईला अक्षर येतं तिच्या हातात वर्तमानपत्र पडलं की काय होतं, तेवढं एक दृश्य तिला द्या.

चित्रपट याआधी झालेला आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. २००७ मध्ये, गजेंद्र अहिरे यांचा, अजिंक्य देव मुख्य भूमिकेत. तो बघाच, म्हणजे तेच प्रसंग त्याच क्रमाने लिहायचा मोह होणार नाही. पैशाचं म्हणाल तर सुधीर फडके यांनी सावरकरांवरचा चित्रपट लोकवर्गणीतून उभा केला. तो २००१ मध्ये लागेपर्यंत बाबूजी ऐंशीच्या पुढे गेले होते. तुमच्याकडे वेळ आहे, घाई नको.

फडके आडनावावरून आठवलं. पनवेलच्या महापालिकेच्या नाट्यगृहाला आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचं नाव आहे. पण बोलताना सगळे ‘फडकेला प्रयोग आहे’, ‘फडकेचं पार्किंग फुल्ल’ असंच म्हणतात. परवा मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत माझ्या पुढे कॉलेजची दोन मुलं होती. एकाने विचारलं, फडके म्हणजे कोण रे, ते गीतरामायणवाले का? दुसरा ठामपणे म्हणाला, नाही, ते कादंबऱ्या लिहायचे ते. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिसरी घंटा झाली आणि दोघेही वडे घेऊन पळाले. ही दोन मुलं तुमचे प्रेक्षक आहेत. त्यांना समोर ठेवून लिहा.

शेवटाचं विचारलंय. एडनला करा, पण मृत्यूवर नको. १७ फेब्रुवारी १८८३ ला ते तिथे वारले, वय ३७. हे अक्षरांत आलं तरी पुरे. शेवटचं दृश्य दाराचं असू दे. एडनच्या तुरुंगात त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडून काढलं आणि पळाले. थोड्याच वेळात पकडले गेले, समोर ना डोंगर ना ओळखीची वाट, नुसतं वाळवंट. पण त्या आधीचे काही तास बघा. कुलूप तसंच लागलेलं, कडी तशीच, आणि दार मात्र चौकटीतून बाजूला काढून ठेवलेलं. पहाऱ्यावरचा शिपाई सकाळी येतो, कुलूप बघतो, ते शाबूत आहे. मग त्याची नजर दुसऱ्या बाजूला जाते. तिथेच काळोख करा.

संहितेच्या आधी एकदा शिरढोणला जाऊन या, तिघेही. वाडा बघा, स्मारक बघा. पनवेल स्टँडवरून पेणकडची एसटी पकडा, पण शिरढोणला थांबते का हे चढायच्या आधी कंडक्टरला विचारा. नाहीतर बोलण्याच्या नादात पुढे कर्नाळ्याला उतरवेल. उतरवलं तरी हरकत नाही. वासुदेव बळवंतांचे आजोबा अनंतराव त्या किल्ल्याचे किल्लेदार होते, १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला तेव्हाचे. खालून सुळका स्वच्छ दिसतो, आणि रस्त्याच्या कडेला ताक चांगलं मिळतं.